लहान दालनात प्रदर्शन उभं करताना

स्वतंत्र कलादालन म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, एक टेबल आणि सगळं स्वतःच निस्तरणारी दोन-तीन माणसं. पाठीशी संग्रहालय नसतं, मोठा विक्रेता नसतो, मांडणीसाठी वेगळी माणसं नसतात. अशा एका दालनात तिघा कलावंतांचं प्रदर्शन मांडायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि प्रस्तावापासून कामं परत पाठवण्यापर्यंत सगळं मला आतून बघायला मिळालं. त्याआधी मी प्रदर्शनं भरपूर पाहिली होती, त्यांच्यावर लिहिलंही होतं. पण चित्र भिंतीवर लागताना त्याचं काय होतं, हे हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतल्यावरच कळू लागलं.

तिघांच्या कामांत एक समान धागा होता, कमी कमी होत जाण्याचा. पहिलीची मुद्राचित्रं आम्लमुद्रणातली, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरून त्यावरून कागदावर छापलेली. जस्ताचा एकच पत्रा घ्यायचा, त्याचा ठसा काढायचा, मग खरवडून-घासून पत्र्यावरचं थोडं पुसायचं आणि पुन्हा ठसा काढायचा. अशा नऊ अवस्था. पहिल्या ठशात सामानानं गच्च भरलेली खोली दिसते. नवव्यात पुसट करडी छटा आणि पत्र्याच्या कडेनं कागदावर उठलेली चौकट, एवढंच उरतं. दुसऱ्याचा व्हिडिओ होता. त्यात एक आजी आपल्या जुन्या शेजाऱ्यांची नावं आठवून सांगते आणि कॅमेरा सगळा वेळ तिच्या हातांवर असतो. नावं विरळ होत जातात, मधली शांतता लांबत जाते. तिसरीचं काम म्हणजे जमिनीवर रचलेला हजार छापील कागदांचा गठ्ठा, साधारण २० सेंटिमीटर उंच. प्रत्येक कागदावर एकाच उंबरठ्याचं छायाचित्र. बघणाऱ्यानं त्यातला एक कागद उचलून न्यायचा.

दालन चालवणाऱ्या ताईंना मी संकल्पनेवर दोन पानं लिहून दिली होती. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, ‘‘विषय कळला. आता मला सांगा, दारातून आत आल्याआल्या माणसाला काय दिसणार?’’ याचं उत्तर माझ्या दोन पानांत कुठेच नव्हतं, आणि ते असायला हवं असंही मला तोवर वाटलं नव्हतं. पुढची सगळी कामं या एका प्रश्नाभोवती फिरली.

खोली मोजली, १:२० प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती केली, कामांचे कागदी तुकडे कापून तिच्यात फिरवून पाहिले. दार, खिडकी, विजेचे पॉइंट, भिंतीतला खांब, सगळं त्यात यायला हवं. ते नसेल तर नंतर भिंतीशी झगडावं लागतं. व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवायचा की मॉनिटरवर, हे तिथंच ठरलं. प्रोजेक्टरचं गणित साधं असतं. यंत्राचं अंतर आणि प्रतिमेची रुंदी यांचं गुणोत्तर दीडचं असेल तर २ मीटर रुंद प्रतिमेसाठी यंत्र ३ मीटर मागे लागतं. तेवढं अंतर आमच्याकडे होतं, पण मग बघणारे झोताच्या आड आले असते आणि मुद्राचित्रांसाठी हवा तेवढा प्रकाश ठेवता आला नसता. शिवाय तळहाताएवढ्या ठशांशेजारी भिंतभर हात दाखवणं मला जड वाटत होतं. आम्ही साधा मॉनिटर घेतला आणि त्यापुढे एक बाक ठेवला.

आवाजाचा प्रश्न एवढ्यावर सुटला नाही. हेडफोन लावले की खोली शांत राहते, पण ऐकणारा एकटा होतो. व्हिडिओ करणाऱ्याला ते नको होतं. त्याचं म्हणणं, आजीचा आवाज खोलीत फिरला पाहिजे. मुद्राचित्रं करणारी म्हणाली, फिरू दे, पण माझ्या भिंतीपाशी शब्द कळायला नकोत, नाहीतर माणसं चित्र बघता बघता नावं ऐकत बसतील. दार लावून ती तिच्या भिंतीपाशी उभी राहिली, तो मॉनिटरपाशी, आणि मी आवाज खाली-वर करत राहिलो. जिथे तिला फक्त बोलण्याची लय ऐकू येत होती आणि बाकावर प्रत्येक नाव स्पष्ट होतं, तिथे थांबलो. मग तो आकडा चिकटपट्टीवर लिहून रिमोटला लावून ठेवला. सामूहिक प्रदर्शनात खरी वाटाघाट होते ती अशी. विषयसूत्रावर सगळ्यांचं सहज एकमत होतं. आवाजाच्या आकड्यावर घासाघीस करावी लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, पण ती टाळू नयेत. विमा कोणाचा आणि कुठून कुठवर, वाहतूक कोण करणार, विक्री झाली तर वाटणी कशी (बऱ्याच दालनांत कलावंत आणि दालन निम्मं-निम्मं घेतात), पैसे किती दिवसांत, हे सगळं लेखी हवं. मुद्राचित्रांच्या बाबतीत आवृत्तीचा आकडाही लागतो. ठशाखाली पेन्सिलीनं ३/१० असं लिहिलेलं असेल तर तो दहातला तिसरा ठसा. इथे पत्रा प्रत्येक अवस्थेनंतर खरवडलेला, म्हणजे आधीची अवस्था पुन्हा छापणं कोणालाच शक्य नाही. ही गोष्ट करारात आली तेव्हा मला त्या कामाकडे नव्यानं बघावंसं वाटलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कागदांच्या गठ्ठ्याच्या कलमावर. असे गठ्ठे मांडणाऱ्या कलावंतांत फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस हे ठळक नाव. त्यांच्या गठ्ठ्यांना एक आदर्श उंची ठरवून दिलेली असते आणि कागद पुन्हा छापून गठ्ठा भरता येतो. लोक नेत राहतात आणि काम तरीही संपत नाही. आमच्या कलावंताला नेमकं उलटं हवं होतं. गठ्ठा संपेल तर संपू दे, पुन्हा भरायचा नाही. ताईंनी विचारलं, ‘‘दुसऱ्या आठवड्यातच संपला तर? नंतर येणाऱ्यांना काय दाखवू?’’ ती म्हणाली, ‘‘रिकामी जागा. आणि यादीत माझं नाव तसंच राहू द्या.’’ ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग कलम तसंच लिहून घेतलं. अशी मोकळीक लहान दालन देऊ शकतं, याचं मला फार मोल वाटतं. जिथे तिकिटं विकली जातात तिथे रिकाम्या जमिनीचं समर्थन करायला बैठकच बोलवावी लागेल.

कामं आल्यावर खोकी लगेच उघडायची नाहीत. ती दिवसभर दालनात तशीच ठेवायची, म्हणजे आतला कागद आणि लाकूड खोलीच्या हवेला सरावतात. मग प्रत्येक काम कुठल्या स्थितीत आलं याचा अहवाल करायचा. टॉर्च बाजूनं तिरपी धरली की समोरून न दिसणाऱ्या सुरकुत्या, चुण्या, पोचे उठून दिसतात. ते नोंदवायचे, छायाचित्र काढायचं, कलावंताची सही घ्यायची. परत पाठवताना हाच कागद पुन्हा समोर धरायचा असतो. कागदावरच्या कामाला धुतलेले, कोरडे हात चालतात, कारण सुती हातमोज्यांत कडेची पकड नीट कळत नाही. काच आणि धातूच्या चौकटीला मात्र नायट्राइलचे हातमोजे.

चौकटीमागे वरची बाजू दाखवणारा बाण आहे ना, हेही बघून घ्यावं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातिसचं होडीचं एक कागदी काम ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, आणि ते लक्षात आणून दिलं एका प्रेक्षक बाईनं. मला ही हकीकत आवडते ती त्या बाईसाठी. ती थांबून बघत होती.

आता मांडणी. नऊही ठसे फोमच्या ठोकळ्यांवर भिंतीला टेकवून ठेवले आणि आम्ही समोर जमिनीवर बसलो. क्रम ठरलेलाच होता, प्रश्न होता अंतराचा. माझ्या मनात होतं की चित्र जसं विरळ होत जातं तसं दोन चौकटींमधलं अंतरही वाढवत न्यावं. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत ते फार छान दिसलं होतं. प्रत्यक्षात बघितल्यावर जाणवलं की मग भिंतच बोलायला लागते. ठशाला जे सावकाश सांगायचंय ते अंतर आधीच ओरडून सांगतं. म्हणून अंतर सगळीकडे सारखं ठेवलं आणि नवव्या ठशानंतरची भिंत पूर्ण मोकळी सोडली. लहान दालनात मोकळी भिंत महाग असते, तिथे विकण्याजोगं आणखी एक काम लागू शकतं. ताईंनी एक शब्द काढला नाही.

मोकळ्या भिंतीचं धाडस लहान दालनांनी आधीही केलंय. पॅरिसच्या छोट्याशा इरिस क्लेर गॅलरीत १९५८ साली कलावंत ईव्ह क्लाइन यांनी खोली जवळजवळ रिकामी करून पांढरी रंगवली आणि तेच प्रदर्शन म्हणून खुलं केलं. बघायला रीघ लागली. दोन वर्षांनी आर्मान या दुसऱ्या कलावंतानं तीच गॅलरी कचऱ्यानं आणि टाकाऊ वस्तूंनी इतकी भरली की लोकांना बाहेरून काचेतूनच बघावं लागलं. एवढ्याशा खोलीत दोन्ही टोकं होऊन गेली.

टांगण्याची उंची ठरवायची रीत अशी. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे ५७ इंचांच्या आसपास धरतात. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते. चौकट ५० सेंटिमीटर उंच असेल आणि मागची कडी वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली असेल, तर १४५ मध्ये निम्मी उंची म्हणजे २५ मिळवायचे आणि ८ वजा करायचे. स्क्रू १६२ वर. एका तारेवर टांगलेली चौकट दार आपटलं की तिरकी होते, म्हणून प्रत्येक चौकटीला दोन कड्या आणि दोन स्क्रू. दोन्ही कड्या एकाच उंचीवर असतील असं धरून चालू नये, प्रत्येक चौकट वेगळी मोजावी. ड्रिल करण्याआधी खुणेच्या खाली चिकटणारा कागद दुमडून लावला की भुकटी त्यातच पडते आणि ताजा रंग दिलेली भिंत स्वच्छ राहते. हे मला ताईंच्या जोडीदारानं दाखवलं. शिडीवर चढल्यावर त्याच्याएवढा शांत माणूस मी पाहिला नाही.

मग लेव्हल लावली. बुडबुडा मध्यावर, सगळं अचूक, आणि तरी ओळ उजवीकडे चढत गेल्यासारखी दिसत होती. त्या जुन्या इमारतीची जमीन एका बाजूला किंचित उतरती होती. अशा वेळी यंत्राचं ऐकायचं की डोळ्याचं? आम्ही डोळ्याचं ऐकलं, पण अर्ध्यापर्यंतच. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीच्या उंचीत काही मिलिमीटरचा फरक वाटून घेतला. आता ती ओळ यंत्राला तिरकी होती आणि खोलीला सरळ.

प्रकाशयोजनेत मी सगळ्यात जास्त रमलो. कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरेसा मानतात, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि उलटवता येत नाही. १०० लक्सखाली एक महिना म्हणजे ५० लक्सखाली दोन महिने. आम्लमुद्रणाची काळी शाई तशी टिकाऊ, पण या ठशांत पातळ रंगीत कागद चिकटवून छपाई केलेली होती आणि तो रंग उडण्याची भीती होती. मीटर ५० दाखवतो तेव्हा आधी खोली अंधारी वाटते. मग डोळे सरावतात, अट एवढीच की शेजारचा मॉनिटर भगभगत नको. म्हणून मॉनिटरचा उजेड कमी केला.

ट्रॅकवरचे, म्हणजे छताच्या पट्टीवर सरकवता येणारे दिवे उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर झुकवतात. त्याहून जास्त झुकले तर काच चमकते आणि बघणाऱ्याचीच सावली चित्रावर पडते, कमी झुकले तर चौकटीची सावली चित्रावर पडते. आठ ठशांना हे बरोबर बसलं. नववा मात्र या प्रकाशात निव्वळ कोरा कागद दिसायला लागला. त्यात दिसण्याजोगं होतं ते पत्र्याच्या कडेचं उठणं, आणि उठाव दिसायचा तर प्रकाश आडवा यायला हवा. त्याच्या वरचा दिवा बंद करून ट्रॅकच्या टोकाचा दिवा लांबून तिरका सोडला. पत्र्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला केसाएवढी सावली उमटली, मधली करडी छटा कागदापासून वेगळी झाली. कलावंत जवळ आली, मागे गेली, पुन्हा जवळ आली. म्हणाली, ‘‘छापताना प्रेसवर मला हे असंच दिसलं होतं.’’

भिंतीवरच्या मजकुरावर माझं मत ठाम आहे. चित्राशेजारी पट्टी लावली की माणूस आधी पट्टी वाचतो, मग ती खरी आहे का हे तपासायला चित्राकडे वळतो. माझ्या दोन पानांतून शंभरएक शब्द उरले, तेही टेबलावरच्या यादीत. भिंतीवर पेन्सिलीचे बारीक आकडे आणि गठ्ठ्याजवळ एकच ओळ: ‘एक कागद घ्यावा’. ती ओळ लिहावी की नाही यावरही बोलणं झालं. लिहिली नाही तर कोणी हात लावणार नाही, आणि हात लागला नाही तर ते काम घडतच नाही, म्हणून लिहिली.

उद्घाटनाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. गर्दी झाली, आजीचा आवाज गर्दीत बुडाला, लोक एकमेकांना भेटले. चित्रं बघायला त्यातले बरेच जण नंतर सवडीनं आले.

प्रदर्शन चालू असताना टेबलाशी बसायची पाळी आम्ही वाटून घेतली होती. मी माझी पाळी कधी सोडली नाही. लॉस एंजेलिसच्या क्लेअर कोपली गॅलरीत १९७४ मध्ये कलावंत मायकेल ॲशर यांनी दालन आणि ऑफिस यांच्यामधली भिंतच काढून टाकली होती. आत आलेल्या माणसाला समोर दिसायचं ते टेबलाशी काम करणारं माणूस. आमच्या दालनात अशी भिंत मुळात नव्हती. मी लोकांना दिसत होतो, लोक मला. मोठ्या संग्रहालयात मांडणी करणाऱ्याला हे सहसा लाभत नाही.

लोक कसे बघतात हे मला तिथे कळलं. बरेच जण पहिल्या ठशापाशी खोलीतल्या वस्तू ओळखत रेंगाळायचे, मधल्या ठशांवरून भराभर सरकायचे आणि नवव्यापाशी अडायचे. मोकळ्या भिंतीकडे नजर जायची, मग काही जण मागे वळून उलट क्रमानं परत चालत यायचे. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. उलट चालणाऱ्याला खोली पुन्हा भरत जाताना दिसते. एका आजोबांनी विचारलं, ‘‘यातलं मूळ चित्र कोणतं?’’ मी म्हटलं, नऊही मूळच. ते म्हणाले, ‘‘पण पत्रा तर एकच होता ना? मग तो दाखवायला हवा होता.’’ संध्याकाळी मी हे कलावंताला कळवलं. तिचं उत्तर आलं: पत्रा आता जवळजवळ कोरा आहे, पण आजोबांचं म्हणणं पटतंय. पुढच्या वेळी ती पत्राही मांडणार आहे.

बाकावर बसलेली माणसं आजीबरोबर पुटपुटायला लागायची. एक बाई पूर्ण व्हिडिओ दोनदा बघून गेल्या आणि जाताना आपल्या लहानपणच्या शेजाऱ्यांची नावं मला सांगत दारात उभ्या राहिल्या. मी ती ऐकून घेतली. टेबलाशी बसणाऱ्यानं फोनमध्ये डोकं घालून बसू नये असं मला वाटतं ते यासाठी.

गठ्ठ्याशी मात्र लोक बुजायचे. ओळ वाचूनही माझ्याकडे बघून विचारायचे, खरंच घ्यायचा? काही जण वरचा सोडून खालचा ओढायचे, त्यामुळे कडा सरकायच्या. त्या नीट कराव्यात का, असं मी कलावंताला विचारलं तर ती नको म्हणाली. लोकांचे हात दिसू देत. शेवटच्या आठवड्यात गठ्ठा दोन बोटांएवढा उरला आणि मग एका दुपारी विद्यार्थ्यांचा मोठा गट येऊन गेला. त्यानंतरचे दिवस जमिनीवर काही नव्हतं. यादीत नाव होतं, ओळ होती. कोणी विचारलं तर मी जे होतं ते सांगायचो. एकदोघं नाराज झाले आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटली.

मुद्राचित्रांचे काही ठसे विकले गेले. यादीत त्यांच्यापुढे लाल ठिपके लागले, ठसे शेवटच्या दिवसापर्यंत जागेवर राहिले. मग उतरवणं. अहवाल काढून पुन्हा तिरपी टॉर्च, पुन्हा सही. भोकांत पुट्टी, वर रंग.

छायाचित्रणाबद्दल सांगायलाच हवं, कारण नव्या दालनांत ते नेहमी शेवटाला ढकललं जातं. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात मांडू न दिलेलं मार्सेल द्युशाँ यांचं ‘फाउंटन’, म्हणजे कलाकृती म्हणून पाठवलेलं चिनीमातीचं मूत्रपात्र, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी आपल्या ‘२९१’ या छोट्या गॅलरीत ठेवून टिपलं. मूळ वस्तू पुढे हरवली. ती कशी होती हे आपल्याला कळतं ते मुख्यतः त्या छायाचित्रामुळे. म्हणून आम्ही दिवे लावून झाल्यावर, उद्घाटनाआधीच पूर्ण दालन टिपून घेतलं. खोली सगळ्या बाजूंनी, प्रत्येक काम समोरून, आणि माणूस उभा असलेली काही चित्रं, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. नवव्या ठशाला वेगळा वेळ दिला, कारण कॅमेरा ती सावली सहज पकडत नव्हता.

गठ्ठ्याची छायाचित्रं तीन टप्प्यांवर घेतली: पूर्ण, निम्मा, संपलेला. दालनाच्या संग्रहात कोणतं ठेवायचं यावर शेवटचा वाद झाला. ताईंना पूर्ण गठ्ठा हवा होता, कारण पुढे कोणी काम मागितलं तर काय मागवायचं ते त्यातून समजतं. कलावंताला फक्त रिकाम्या जमिनीचं हवं होतं. मी तिन्ही ठेवा म्हणालो, तारखांसकट आणि करारातलं ते कलम खाली छापून. तसंच झालं. मात्र नोंदीत ‘माध्यम’ या रकान्यापुढे काय लिहायचं ते कलावंतानं स्वतः सांगितलं: छापील कागद, आणि नेणारे लोक.